हवा की बुरशी? बटाट्याच्या करप्याचा अंदाज

१३ सप्टेंबर १८४५. लंडनच्या ‘गार्डनर्स क्रॉनिकल’ या बागायतीच्या साप्ताहिकाने छपाई थांबवून एक बातमी आत घातली : बटाट्याची सड आयर्लंडमध्ये पोहोचली आहे. संपादक जॉन लिंडली हे नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ. बातमीचे गांभीर्य त्यांनी ओळखले होते. आयर्लंडमधील सुमारे ३० लाख लोक जवळजवळ केवळ बटाट्यावर जगत होते. धडधाकट मजूर दिवसाला ५-६ किलो बटाटे खाई, कारण दुसरे अन्न विकत घेण्याची त्याची ऐपत नव्हती.

पुढील काही वर्षांत सुमारे १० लाख माणसे भुकेने आणि तापाने मेली. तितकीच, किंबहुना अधिक, देश सोडून गेली. जमीनदारी, धान्याची निर्यात आणि लंडनमधील सरकार यांचा त्यातील वाटा मोठा आहे, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय. हा धागा एका लहान प्रश्नाचा : करपा येणार हे आधी कळू शकते का?

लिंडलींचे मत असे की दोष हवेचा. त्या उन्हाळ्यात थंडी आणि पाऊस फार. झाडांनी पाणी अतोनात शोषले आणि ती सडली. पानांवर दिसणारी पांढुरकी बुरशी म्हणजे सडल्यानंतरचा परिणाम. याउलट माइल्स बर्कली या पाद्र्याने १८४६ मध्ये लिहिले की बुरशी हा परिणाम नव्हे, तेच कारण. बर्कली खेड्यातील चर्च सांभाळून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशा पाहत असे. त्याचे फारसे कोणी ऐकले नाही.

सरकारने नेमलेल्या शास्त्रीय मंडळात लिंडली होते. मंडळाने शेतकऱ्यांना बटाटे कोरडे करून हवेशीर खड्ड्यांत थरांनी रचण्याचा सल्ला दिला. रोग आधीच कंदात शिरलेला होता. खड्डे उघडले तेव्हा आत लगदा होता.

१८६१ मध्ये आंतोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञाने प्रयोगांनी बर्कलीची बाजू सिद्ध केली. तरीही लिंडलींना सपशेल चुकीचे ठरवणे अन्यायाचे होईल. हवा खुनी नव्हती, पण खुन्याला दार तिनेच उघडले होते. हा जीव (आजचे शास्त्र त्याला खरी बुरशीही मानत नाही) पाण्यावाचून पांगळा. पान ओले आणि हवा थंड असली की त्याच्या बीजाणूपिशवीतून पोहणारे बीजाणू सुटतात, पानावरच्या पाण्याच्या पातळ थरातून सरकतात आणि आत शिरतात. डाग दिसतो तो काही दिवसांनी.

खरी अडचण याच काही दिवसांची. १८८५ मध्ये फ्रान्समध्ये द्राक्षांसाठी मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण पुढे आले. पुढे ते बटाट्यावरही चालले. पण तांबे पानावर पहारा देते, पानात शिरलेल्या रोगाला हात लावू शकत नाही. डाग पाहून फवारणारा शेतकरी चोर पळाल्यावर कुलूप लावत असतो. आणि सतत फवारावे, तर मोरचूद फुकट मिळत नाही.

१९२६ मध्ये नेदरलँड्सच्या हवामान संस्थेचे व्हान एव्हरडिंगेन यांनी चार अटी मांडल्या : रात्री किमान ४ तास दव, किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा अधिक, दुसऱ्या दिवशी दाट ढग आणि थोडा तरी पाऊस. चारही जुळल्या की धोका. १९४७ मध्ये इंग्लंडच्या नैऋत्य भागात बोमाँट यांनी हे आणखी सोपे केले : सलग ४८ तास १० अंशांखाली उतरू न देणारी उष्णता आणि ७५ टक्क्यांखाली न जाणारी आर्द्रता.

मात्र हे सर्व नियम हवा होऊन गेल्यावर तिचा हिशेब मांडणारे होते. पुढचे पाऊल टाकले ऑस्टिन बर्क यांनी. आयर्लंडची हवामान सेवा १९३६ मध्ये स्थापन झाली ती मुख्यतः अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांसाठी; बर्क तेथील हवामानतज्ज्ञ. १९५३ मध्ये त्यांनी आपले नियम प्रसिद्ध केले : १० अंशांवर तापमान आणि ९० टक्क्यांवर आर्द्रता सलग १२ तास, त्यानंतर पान आणखी ४ तास ओले. आकड्यांहून मोलाची गोष्ट वेगळीच होती. अशी हवा नकाशावर कोणत्या रूपाने येते, हे त्यांनी ओळखले : समुद्रावरून येणारी उबदार दमट हवा आणि रेंगाळणारा कमी दाबाचा पट्टा. त्यामुळे पान ओले होण्यापूर्वीच इशारा देता येऊ लागला. पंपात औषध भरायला शेतकऱ्याला वेळ मिळाला.

हाच माणूस पुढे मागे वळून १८४५ कडे गेला. जुन्या बातम्या आणि नोंदी जुळवून त्याने रोगाची वाट शोधली : जूनअखेरीस बेल्जियममधील कोर्त्रे परिसर, तेथून शेजारी देश, सप्टेंबरात आयर्लंड. ह्यूबर्ट लँब यांच्यासह त्याने त्या दोन वर्षांच्या वाऱ्यांचे नकाशेही मांडले.

नियम मात्र कायमचे नसतात. ब्रिटनमध्ये १९५६ पासून स्मिथ यांचा नियम चाले : सलग दोन दिवस किमान १० अंश आणि रोज ११ तास ९० टक्के आर्द्रता. या अटी पुऱ्या न होताही शेतात करपा दिसू लागला. २०१७ मध्ये स्कॉटलंडच्या जेम्स हटन संस्थेच्या अभ्यासानंतर ११ तासांचे ६ झाले.

आयर्लंडमध्ये आजही उन्हाळ्यात हवामानाच्या बातम्यांत करप्याचा इशारा येतो, आणि त्यामागे गणित बर्क यांच्या नियमांचेच आहे.