माथ्यावरचा पाऊस, पायथ्याचा पूर

माझं माहेर उदगीरकडचं, बालाघाटच्या पठारावरचं. सासर बिलोली तालुक्यात, येसगीच्या खालच्या अंगाला मांजरा नदीच्या काठी. पठार सहाशे मीटरच्या वर, इकडची जमीन साडेतीनशेच्या आसपास. पाऊस तिकडे पडतो आणि पूर इकडे येतो, हे मला लग्नानंतर कळलं.

माहेरचा वढा गरजत यायचा. उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल अशा भेगा पडतात. पहिला पाऊस त्या गिळतात. एकदा माती फुगून भेगा मिटल्या की पाणी मुरत नाही, उतार धरून पळतं. सकाळी वढा दुथडी आणि दिवस मावळायला पायी ओलांडावा, असं चालायचं. बांधाची माती मात्र गेलेली असायची. २०१६ साली आमच्या जिल्ह्याच्या गावाला, लातूरला, मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पळून जाणाऱ्या पाण्याचा तो मुलूख आहे.

सासरी पुराला आवाजच नाही. वर लख्ख ऊन आणि शेतात पाणी चढतंय. गोदावरी भरून वाहू लागली की मांजराच्या पाण्याला तिच्यात शिरायला जागा उरत नाही, ते मागं फुगतं. खाली पोचमपाडचं धरण भरलेलं असलं तर फुगवटा आणखी रेंगाळतो. सासूबाई निजण्याआधी कंदील घेऊन वढ्यावर जायच्या आणि कडब्याचं एक धाट पाण्यात टाकायच्या. धाट गावाकडं सरकू लागलं की म्हणायच्या, "वढा उलटा फिरला, जनावरं सोडा." मग धान्याची पोती माळवदावर. घरं सहसा वाचायची, सोयाबीन वाचायचं नाही. दिवसच्या दिवस पाण्यात उभं राहून मुळं कुजायची, शेंगेतच मोड यायचे.

या दोन गावांच्या मधला उतार म्हणजे मुखेड तालुका. १७ ऑगस्ट २०२५ च्या रात्री तिथल्या लेंडी नदीच्या पाणलोटात दोनशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. त्यात उदगीरकडचं आणि कर्नाटकातलं पाणी येऊन मिळालं. हसनाळ, रावणगाव, भासवाडी, भिंगोली झोपेत सापडली. हसनाळची माणसं गेली. त्या संध्याकाळी भावाचा फोन आला होता, पाऊस थांबत नाही म्हणून. मला लेंडीकाठी कुणाला कळवायचं तेही ठाऊक नव्हतं.

आम्हाला मोबाईलवर आमच्याच तालुक्याचा पाऊस कळतो. मांजराकाठच्या माणसाला त्याचा उपयोग थोडा. त्याला उदगीर, देवणी, मुखेडला किती पडला आणि गोदावरी नांदेडला किती चढली, हे आधी कळलं पाहिजे. आमच्या ग्रामसभेत मी हेच मागितलं: पावसाळाभर हे आकडे रोज फळ्यावर लिहा, आणि रात्री वाढले तर देवळाच्या भोंग्यावरून सांगा. फळा लागला आहे. रात्रीच्या भोंग्याची जबाबदारी कुणी घ्यायची, ते अजून ठरायचं आहे.