गुरांच्या दवाखान्यात

नगरहून जामखेडला जाणारा रस्ता मध्येच जिल्हा सोडतो. चिचोंडी पाटील मागे पडलं की बीडची हद्द लागते. कडा येतं, आष्टी येते, आणि मग पुन्हा आपण आपल्याच जिल्ह्यात, त्याच्या पार आग्नेयेकडच्या टोकाला, जामखेडला पोचतो. जिल्ह्याच्या गावाला जायचं तरी दुसऱ्याच्या अंगणातून जावं लागतं, अशी या तालुक्याची जागा. प्रवरेचे पाट, ऊस, कारखान्यांच्या चिमण्या हे सगळं उत्तरेला राहिलं. इकडे बालाघाटचे बोडके डोंगर, मुरमाड माळ, तुरीची नि उडदाची कोरडवाहू रानं. दिवाळी सरली की बिऱ्हाड बांधून, कोयता घेऊन ऊसतोडीला निघणारी जोडपी. विंचरणा नदी जामखेड गावातून वाहते खरी, पण उन्हाळ्यात तिच्या पात्रात पाण्यापेक्षा दगडच जास्त दिसतात. भर दुपारी इथे उभं राहिलं की ऊन डोक्यावर पडत नाही, खालच्या खडकातून वर येतं असं वाटतं.

मला या उजाडपणाची ओढ आहे. इथल्या माणसांनी मोडकं ते टाकून दिलं नाही, म्हणून ती जास्तच आहे.

1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं जामखेडला आलं तेव्हा त्यांच्यासाठी इथे इमारत नव्हती. गावच्या पुढाऱ्यांनी दाखवली ती जागा म्हणजे गुरांचा जुना, वापरात नसलेला दवाखाना. तिथेच त्यांनी माणसांना तपासायला सुरुवात केली.

गावोगावचे गुरांचे दवाखाने ज्यांनी पाहिलेत त्यांना यातली अडचण सांगावी लागणार नाही. जनावर उभं करायचा लोखंडी खोडा, औषधं ठेवायची एखादी खोली, पुढे ओसरी. माणसांच्या दवाखान्याला लागतो तो आडोसा अशा ठिकाणी नसतो. बाईला तपासायचं तर पडदा हवा. बाळंतपण करायचं तर पाणी हवं, उजेड हवा, धुऊन निघेल अशी फरशी हवी. जुन्या वास्तूत नवं काम सुरू करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. गिलावा, कौलं, रंगरंगोटी ही कामं सोपी. पाणी कुठून आणायचं, सांडपाणी कुठे सोडायचं, रोगी कुठे झोपवायचा, त्याच्याबरोबर आलेली चार माणसं रात्री कुठे टेकणार, इथे खरी अडवणूक होते. दुष्काळी गावात तर पाण्याच्या प्रश्नापाशीच सगळा आराखडा अडून बसतो.

हे दोघं भाबडे म्हणून आलेले नव्हते. दोघांचं शिक्षण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झालं. लग्नानंतर दोघांनी 1962 ते 1966 अशी वर्षं याच जिल्ह्यात, नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काढली होती. तिथे त्यांना एक गोष्ट सारखी खुपत राहिली. बरा करून घरी पाठवलेला रोगी तेच दुखणं घेऊन परत येत होता. पोरगं जुलाबातून उठायचं, पुन्हा त्याच विहिरीचं पाणी प्यायचं, पुन्हा खाटेवर पडायचं. मग ते अमेरिकेला गेले. तिथे पुढचं वैद्यकीय शिक्षण झालं, जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास झाला. तिकडेच राहून सुखाने डॉक्टरकी करता आली असती. ते परतले आणि जामखेडच्या या ओसरीवर येऊन बसले.

माझ्या मते या अपुऱ्या जागेने त्यांच्या कामाचा निम्मा आकार ठरवला. पहिल्याच वर्षी चकचकीत इस्पितळ उभं राहिलं असतं तर सगळी ताकद त्याच्या खाटा भरण्यात गेली असती. खाटाच नव्हत्या, म्हणून आजार जिथे जन्मतो तिथे, म्हणजे गावात, वस्तीवर, विहिरीपाशी जाणं आणखी निकडीचं झालं.

तिथेही ठेचा लागल्याच. आधी त्यांनी शिकलेल्या परिचारिकांना खेड्यांत ठेवून पाहिलं. परक्या गावात एकट्या राहणाऱ्या त्या तरुण मुलींना सुरक्षित वाटेना, आणि गावालाही त्या आपल्या वाटेनात. तो मार्ग सोडावा लागला. तेव्हा गावातलीच बाई शिकवून तयार करा, अशी वाट निघाली, आणि ती सुचवली एका सरपंचाने. अक्षर न ओळखणाऱ्या, कित्येक तर दलित वस्तीतल्या, परित्यक्ता, विधवा. त्यांना गावाने निवडायचं, त्यांनी जामखेडला येऊन शिकायचं आणि परत जाऊन घरोघर फिरायचं. ज्या बाईची सावली टाळली जाई तिच्याच हातून सवर्णांच्या घरातली बाळंतपणं होऊ लागली. या एवढ्याशा वाक्यामागे किती अपमान, किती बंद दारं आणि किती धीर आहे, ते इकडच्या खेड्यांत वाढलेल्या माणसालाच नीट कळेल.

आणि मग दुष्काळ. 1972चा. या भागात अजूनही वय सांगताना म्हातारी माणसं ‘दुष्काळाच्या आधी’ किंवा ‘नंतर’ असं सांगतात. काम धड उभंही राहिलं नव्हतं, तोवर आभाळाने पाठ फिरवली. अशा वेळी दवाखाना चालवायचा तरी कसा? आरोळ्यांनी औषधांकडचं लक्ष पोटाकडे आणि पाण्याकडे वळवलं. मुलांना अन्न देण्याची सोय झाली, हातपंपांसाठी खोदाई झाली. त्यात एक गोष्ट त्यांनी जाणूनबुजून केली. पाण्याची जागा शोधायला आलेल्या भूगर्भतज्ज्ञाला त्यांनी दलित वस्तीतच जागा बघायला सांगितलं. पंप तिथे बसले, आणि पाण्यासाठी सगळ्या गावाला त्या वस्तीत यावं लागलं. भाषण करून जे कितीतरी वर्षं झालं नसतं ते रिकाम्या हंड्याने करून दाखवलं.

1971मध्ये या भागात जन्मणाऱ्या हजार मुलांमागे 176 मुलं वर्षाच्या आत दगावत होती. शतक संपता संपता हा आकडा तिशीच्या आत आला. 1979 साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेने 1975मध्येच आपल्या पुस्तकात जामखेडची हकिगत छापली होती. पण मला या सगळ्यात मोठी वाटते ती मुक्ताबाई पोळ यांची गोष्ट. गावातली ही आरोग्यसेविका 1988 साली वॉशिंग्टनमधल्या एका परिषदेत व्यासपीठावर उभी राहिली. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून ती म्हणाली की डॉक्टर अशा झुंबरांसारखे आहेत, देखणे पण महाग आणि आवाक्याबाहेरचे. मग तिने पिशवीतून दोन साध्या पणत्या काढल्या, एकीवर दुसरी लावून दाखवली, आणि आपण आरोग्यसेविका या अशा, असं सांगितलं. जामखेडच्या कामाची याहून नेमकी मांडणी कुठल्या अहवालात झाली असेल असं मला वाटत नाही.

जुन्याला हात घालण्याची या मातीची सवय तशी जुनी. जामखेड तालुक्यातलंच चौंडी हे अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव. मोडलेली देवळं, बुजलेल्या बारवा, पडक्या धर्मशाळा यांची डागडुजी करण्यात त्या बाईने आयुष्य घालवलं, आणि आज जिल्हाच तिच्या नावाने ओळखला जातो. नगरजवळ अरणगावला पहिल्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या ओसाड इमारती पडून होत्या. 1925 साली मेहेरबाबांच्या शिष्यांनी त्या वापरात आणून तिथे मोफत दवाखाना, इस्पितळ आणि शाळा सुरू केली. दीड-दोन वर्षांत ते काम थांबलं, पण त्या काळात कितीतरी गरिबांना औषध मिळालं, हे काही वाया गेलेलं नाही. राळेगणसिद्धीतही अण्णा हजारे यांनी सुरुवात केली ती यादवबाबांच्या पडक्या देवळापासून, स्वतःचे पैसे घालून.

डॉ. मेबल 1999मध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत 2011मध्ये. गुरांच्या दवाखान्यात सुरू झालेल्या कामाचं पुढे इस्पितळ झालं, प्रशिक्षण केंद्र झालं, पाय गमावलेल्यांसाठी तिथेच जयपूर फूट बनू लागले. कुष्ठरोग्यांनाही त्यांनी वेगळ्या आवारात ठेवलं नाही, इतर रोग्यांबरोबरच घेतलं. जगभरातून डॉक्टर तिथे शिकायला येतात, आणि त्यांना शिकवणाऱ्यांत गावातल्या या बायकाही असतात.

आता आपल्याकडे जुने वाडे, शेतघरं, बंद पडलेली गोदामं घेऊन त्यात योगकेंद्र, पंचकर्म, निसर्गोपचार सुरू करण्याची धडपड पुष्कळ तरुण करताहेत. माझं मन त्यांच्या बाजूने आहे. माळवद गळतं, गवंडी अर्ध्यात निघून जातो, परवाना अडतो, घातलेले पैसे संपतात आणि घरचे विचारू लागतात की हे कशाला. अशा दिवसांत त्यांनी चौंडीच्या वाटेवर जामखेडला थांबावं. तिथल्या जुन्या आरोग्यसेविकांपाशी बसावं, पहिली वर्षं कशी काढली ते विचारावं. आणि आपलं केंद्र उघडेल तेव्हा आठवड्यातला एक दिवस तरी शेजारच्या वस्तीतल्या, पैसे न देऊ शकणाऱ्या माणसांसाठी राखून ठेवावा, एवढी माझी त्यांना विनंती आहे.