पाकिटामागची बेरीज



दर अंकात माझ्या वाट्याला मंडळाचा हिशेब येतो. वर्गणी किती जमली, हॉलचे भाडे किती गेले, गणपतीच्या मोदकांना नारळ किती लागले, वगैरे. या खेपेला संपादकांनी "हिशेबाव्यतिरिक्त काहीतरी लिहा" असा आग्रह धरला. पण सवय सुटत नाही, तेव्हा हिशेबच लिहिते आहे, फक्त तो घरचा आहे. 'ह्यां'ची परवानगी घेतली आहे. आधी "कशाला?" म्हणाले, मग म्हणाले, "लिही, पण माझ्या दंडाचा फोटो छापू नकोस."

2024 च्या नोव्हेंबरात ह्यांची नोकरी गेली. गाड्यांचे सुटे भाग करणारा कारखाना, बारा वर्षांची चाकरी, आणि एका शुक्रवारी दुपारी डबा परत घेऊन घरी. वय एक्केचाळीस. महिनाभर त्यांनी अर्ज केले, बर्फ उपसला, कपाटे लावली. मग एका रात्री म्हणाले, "मी नर्सिंगला जाऊ का?" नाशिकला माझे सासरे शेवटचे आजारी होते तेव्हा हे दोन महिने तिथे राहिले होते. अंग पुसणे, कूस बदलणे, औषधांच्या वेळा, सगळे त्यांनी केले. "मला तेव्हा कळलं, हे मला जमतं," असे ते म्हणाले. मी लगेच हो म्हटले. मनापासून म्हटले. पण पुढची गोष्ट कबूल करण्यासाठीच हा लेख आहे.

फेब्रुवारीच्या मध्यावर दोन वर्षांच्या प्रॅक्टिकल नर्सिंगच्या डिप्लोमाला प्रवेश मिळाल्याचे पत्र आले. त्या दिवशी शिरा केला. मुलीने वर्गात सांगून टाकले, "माझे बाबा नर्स होणार." मी मात्र मंडळात, प्रयोगशाळेत, पुण्याला आईला, सगळीकडे एकच सांगत होते, "हेल्थकेअरमधला कुठलासा कोर्स करतायत." रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या बाईची जीभ 'नर्स' या शब्दाशी का अडखळावी? आपल्याकडे नर्स म्हणजे बाई, आणि इंजिनियर माणसाने ते करायचे म्हणजे उतरती पायरी, हे माझ्या मनात कुठेतरी होतेच. मला ते ठाऊक नव्हते एवढेच.

मार्चच्या शेवटी मी टॅक्सचे कागद शोधत होते. ह्यांच्या खणात खाली एक पाकीट सापडले. आत प्रवेशपत्राबरोबर आलेली लसींची यादी होती आणि पाकिटाच्या मागे पेन्सिलीने केलेली बेरीज. हिपॅटायटिस बी, तीन डोस. कांजिण्या, दोन. गोवर-गालगुंड-रुबेला, दोन. धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला, एक. क्षयाची त्वचेवरची परीक्षा. डॉक्टरने फॉर्म भरण्याची फी. मास्क चेहऱ्याला नीट बसतो की नाही त्याची चाचणी. खाली रेघ मारून 740 डॉलर, आणि त्यापुढे लिहिले होते, "पुढच्या वर्षी?"

मी पाकीट पुढे ठेवले. "अहो, हे सहा आठवडे खणात काय करत होतं?"

थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "फी भरायची म्हणजे ओसॅपचं कर्ज आहे. पण ते पैसे कोर्स सुरू झाल्यावर हातात येणार. हे आधी भरायचेत. घरात बसून तुझ्या पगारावर खातोय, वर टोचून घ्यायलाही तुझ्याकडेच मागू?"

740 डॉलरांनी आमचे घर बुडाले नसते. ओढाताण झाली असती, पण बुडाले नसते. तरी एवढ्यासाठी हा माणूस वर्ष सोडायला निघाला होता, कारण विचारायचे कुणाला? मी बाहेर कुणाला सांगितलेच नव्हते. जे गुपित आहे त्याबद्दल माणूस चौकशी तरी कशी करणार!

30 मार्चला गुढीपाडवा होता. मंडळाच्या जेवणात मी श्रीखंड वाढत होते. रांगेत पुढे आपल्यातल्याच एक ताई होत्या, वीस वर्षे नर्सिंगमध्ये आहेत. मी पळी हातात धरून, जरा मोठ्यानेच, म्हटले, "ताई, हे सप्टेंबरपासून नर्सिंगला जातायत." ताईंनी ताटली बाजूला ठेवली. "अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस? लसी सुरू केल्या का?" पाच मिनिटांत त्यांनी यादीचे तीन भाग केले. काही फुकट आहे. काही बहुधा अंगातच आहे. उरेल तेवढेच विकत घ्यायचे.

आता तपशील सांगते, कारण हे पुन्हा कुणाच्या तरी घरी येणार आहे.

फुकट काय? ऑन्टारियोत 1970 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मोठ्या माणसांना गोवर-गालगुंड-रुबेलाची लस ओहिपच्या कार्डावर मिळते. धनुर्वात, घटसर्प व डांग्या खोकल्याची एकत्र लसही मोठेपणी एकदा फुकट असते, पुढे दर दहा वर्षांनी धनुर्वात-घटसर्पाची. ह्यांच्या बेरजेतल्या तीन सुया अशा गेल्या.

अंगातच काय? नाशिकला सासूबाईंना फोन केला. पत्र्याच्या ट्रंकेत लसीचे कार्ड काही निघाले नाही, पण आठवण निघाली. "अगं, चौथीत असताना कांजिण्या आल्या होत्या. कडुनिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं." नर्सिंगसाठी आईची आठवण चालत नाही, पुरावा लागतो. डॉक्टरांनी रक्त तपासायला दिले. प्रतिपिंडे सापडली आणि कांजिण्यांचे दोन्ही डोस, म्हणजे यादीतला सगळ्यांत महाग भाग, गळून पडले. त्याच रक्तात हिपॅटायटिस बी आधीच अंगात नाही ना, हेही पाहिले. आपल्याकडे जन्मलेल्यांनी ते पाहून घेणे चांगले.

उरली हिपॅटायटिस बी. ती विकतच घ्यावी लागली. ज्या मोठ्या माणसांना ती इथे फुकट मिळते त्यांची यादी ठरलेली आहे. 'नर्सिंग शिकायचे आहे' हे कारण त्यात नाही. गंमत अशी, की आमची मुलगी त्याच वर्षी सातवीत होती. ऑन्टारियोत 1994 पासून सातवीच्या मुलांना ही लस शाळेतच फुकट देतात. तेव्हा एका घरात दोघांना एकच लस, मुलीला फुकट आणि बापाला विकत. तिला दोन डोस, ह्यांना तीन. फार्मसीत तिने ह्यांचा हात धरला आणि म्हणाली, "बाबा, सुईकडे बघू नकोस, दाराकडे बघ. आम्ही सगळे तसंच करतो."

इथल्या वर्गमित्रांच्या अंगात जे शाळेपासून आहे ते आपल्या अंगात का नाही, असा प्रश्न ह्यांना पडला. "आम्ही काय रोगट आहोत का?" असे जरा चिडून म्हणाले. तसे काही नाही. भारतात 1985 साली सुरू झालेल्या सरकारी लसीकरणात क्षय, पोलिओ, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात आणि गोवर एवढेच होते. हिपॅटायटिस बी त्यात 2002 पासून थोड्या ठिकाणी आणि 2011 पासून देशभर आली. रुबेला 2017 पासून. महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम 2018 च्या नोव्हेंबरात झाली. तेव्हा त्याच्या कितीतरी आधी जन्मलेल्या माणसाकडे या लसी नसणे यात त्याचा दोष नाही आणि त्याच्या आईचाही नाही.

आणि यादी का हवी, तेही त्या वर्षी दारातच दिसले. 2024 च्या ऑक्टोबरपासून ऑन्टारियोत गोवराची साथ होती. शेजारच्या एल्गिन भागात, सेंट थॉमसकडे, तिचा जोर फार होता. वर्षभरात प्रांतात 2,000 हून अधिक लोकांना गोवर झाला, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये कॅनडाने 1998 पासून टिकवलेला 'गोवरमुक्त' हा दर्जा गमावला. तान्ह्या मुलाच्या खाटेशी उभ्या राहणाऱ्या नर्सच्या अंगात काय आहे हे कॉलेजने विचारू नये तर कुणी विचारावे?

पैशाचा प्रश्नही नवा नाही. 1914 च्या सुमारास टोरोंटोत डॉ. जॉन फिट्झजेराल्ड यांनी एका तबेल्यात घोडे पाळून घटसर्पावरचे प्रतिविष तयार केले, कारण अमेरिकेहून येणारे औषध गरिबांना परवडत नव्हते आणि मुले दगावत होती. 1916 पासून ऑन्टारियो सरकार अशी औषधे फुकट वाटू लागले. आपल्याकडे हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने 1997 साली हिपॅटायटिस बीची लस देशात बनवली, तेव्हा कुठे ती सामान्य घराच्या आवाक्यात आली. लस शोधणे हे आम्हा रसायनवाल्यांना मोठे वाटते. ती बिल न देता दंडापर्यंत पोहोचवणे हेही तेवढेच मोठे काम आहे, हे मला या पाकिटाने शिकवले.

क्षयाच्या परीक्षेने मात्र एक रात्र झोप उडवली. ताईंनी बजावले होते, की ही परीक्षा गोवराच्या लसीच्या आधी किंवा त्याच दिवशी करा, नाहीतर लसीनंतर चार आठवडे थांबावे लागते. म्हणून ती आधी केली. दोन दिवसांनी दंडाखाली 11 मिलिमीटरची गाठ. हे म्हणाले, "गेली जागा." दुसऱ्या दिवशी छातीचा एक्स-रे काढला, तो स्वच्छ निघाला. डॉक्टरांनी समजावले, की जंतू कधीतरी शरीरात शिरले असावेत. पण रोग नाही आणि ह्यांच्यापासून कुणाला लागण नाही. आपल्याकडून आलेल्या अनेकांची परीक्षा अशीच येते. पुढे उपचार लागलाच तर क्षयाची औषधे इथे सरकार फुकट पुरवते.

आता खरा हिशेब. हिपॅटायटिसचे तीन डोस 135 डॉलर, फॉर्म 50, मास्कची चाचणी 45. एकूण 230. (फार्मसीगणिक किंमत बदलते, आधी फोन करून विचारा.) त्यातले 108 डॉलर माझ्या कंपनीच्या विम्याने परत दिले. त्या विम्यात लस बसते हे मला दहा वर्षे माहीत नव्हते, कारण मी पुस्तिका उघडलीच नव्हती. खिशातून गेले 122. पाकिटामागे होते 740.

पण एक गोष्ट परत मिळाली नाही. हिपॅटायटिसचा तिसरा डोस पहिल्यानंतर सहा महिन्यांनी घ्यायचा असतो. फेब्रुवारीत सुरुवात केली असती तर ऑगस्टमध्ये, कॉलेज सुरू होण्याआधी, संपला असता. एप्रिलमध्ये सुरू केला म्हणून तिसरा ऑक्टोबरवर गेला. ह्यांनी कॉलेजला लेखी तारखा कळवल्या आणि त्यांनी ऐकून घेतले. ऐकले नसते तर? त्या सहा आठवड्यांचा दोष मी ह्यांच्या पाकिटावर टाकत होते. तो निम्मा माझ्या 'हेल्थकेअरमधल्या कुठल्याशा कोर्स'चा होता.

तेव्हा कामाच्या चार गोष्टी. प्रवेशाचे पत्र येण्याची वाट न पाहता, अर्ज केला की लगेच हिपॅटायटिसबद्दल डॉक्टरांना विचारा. विकत घेण्याआधी रक्त तपासता येईल का ते विचारा. लस डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्या आणि पावत्या जपा. वैद्यकीय खर्च ठरलेल्या मर्यादेपुढे गेला तर त्या टॅक्समध्ये धरता येतात. आणि नोकरीच्या, नवरा-बायकोच्या, कॉलेजच्या अशा प्रत्येक विम्याची पुस्तिका उघडून पाहा. भारतातून येणाऱ्या भाच्या-पुतण्यांना सांगा, की लोणच्याची बरणी राहिली तरी चालेल, लसीचे कार्ड राहू देऊ नका.

दिवाळीच्या आधी ह्यांचा तिसरा डोस झाला. महिन्याभराने रक्ताचा अहवाल आला. प्रतिपिंडे 10 च्या वर हवी असतात, ह्यांची त्याच्या कितीतरी पुढे होती. तो कागद त्यांनी स्वतः फ्रिजवर लावला, मुलीच्या प्रगतिपुस्तकाशेजारी. मी पुण्याला आईला फोन केला आणि सांगितले, "आई, हे नर्स होतायत." आई म्हणाली, "बरं झालं बाई, म्हातारपणी कुणीतरी घरचं हवंच." एवढेच! आणि मी वर्षभर कशाला भीत होते कोण जाणे.

पुढच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलाशी मी यादी, पावत्या आणि तारखांचा तक्ता घेऊन बसणार आहे. कुणाच्या घरी मुलगा, मुलगी, सून, नवरा, कुणीही नर्सिंगला जात असेल तर मला गाठा. हळू आवाजात विचारायची गरज नाही.