मेन स्विच बंद करणारे काका

पुण्यातल्या माझ्या फ्लॅटमध्ये हॅम रेडिओ लावला की आधी ऐकू येतात ते शेजाऱ्यांचे चार्जर. मग एलईडी दिवे, लिफ्टची मोटर, कुणाचा तरी इन्व्हर्टर. या सगळ्यांतून रेडिओलहरींचा कचरा सांडत असतो. कानाला तो सतत काहीतरी तळत ठेवल्यासारखा लागतो, आणि लांबची माणसं त्याखाली बुडून जातात. म्हणून महिन्यातल्या एखाद्या रविवारी मित्र आणि मी पौड ओलांडून मुळशी धरणाच्या काठी जातो. लोक तिथे भजी खायला जातात. आम्हीही खातो, पण नंतर.

हे धरण टाटांनी विजेसाठी बांधलं. त्याविरुद्ध 1921 मध्ये मुळशी सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट त्याचे पुढारी झाले. तरी गावं बुडाली आणि वीज मुंबईला गेली. त्याच पाण्याकाठी आम्ही विजेपासून लांब पळायला येतो.

सामान थोडंच. 12 व्होल्टची बॅटरी, 20 मीटर तांब्याची तार, नायलॉनची दोरी आणि स्टीलच्या जेवणाच्या डब्यात बसवलेला घरगुती संच. मूळ डिझाइन हैदराबादच्या अशहर फरहान यांचं, नाव बिटएक्स. परदेशी सुटे भाग सहज मिळत नाहीत, म्हणून त्यांनी साधे ट्रान्झिस्टर वापरले आणि कॉइल गुंडाळायला चक्क नळाचे वॉशर! माझे ट्रान्झिस्टर तपकीर गल्लीतले, वॉशर प्लंबरकडचे. ताकद सहा वॅट, म्हणजे एका छोट्या एलईडी बल्बाइतकी.

जागा एका शेताच्या बांधावर. शेतमालक बाबांनी पहिल्या दिवशीच विचारलं, "टॉवर बसवताय व्हय? भाडं किती देता?" नाही म्हटल्यावर हिरमुसले. आता मात्र तेच आंबे काढायच्या आकडीने दोरी फांदीवर चढवून देतात.

डोंगराआड मोबाईलची रेंज जाते, मग सहा वॅट कसे पोचतात? 7 मेगाहर्ट्झची तार जमिनीपासून फार उंच नसली की बऱ्याचशा लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि आयनांबरातून वळून पावसासारख्या खाली येतात. वरून येणाऱ्याला डोंगर अडवत नाही. 1942 साली 22 वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे साथीदार मुंबईत जागा बदलत-बदलत काँग्रेस रेडिओ चालवायचे, तो 42.34 मीटरवर, म्हणजे आमच्याच शेजारी. आजच्या मुंबईत तो किती घरांत नीट ऐकू आला असता, देव जाणे.

तर, धरणाकाठी हेडफोन लावला की तळणं थांबतं. मागे नुसती बारीक भुरभुर, आणि त्यातून माणसं एकेक वर येतात. पण यात एक मेख आहे, आणि ती मला इथे येऊनच कळली. शांतता ऐकणाऱ्याकडे लागते. आम्हाला सगळे ऐकू येतात. आमचे सहा वॅट मात्र त्यांच्या घरच्या गोंगाटात पोचतात.

बेळगावच्या काकांनी यावर उपाय काढला होता. वय सत्तरीपार, नेव्हीतून निवृत्त, गुडघ्यांमुळे बाहेर पडणं कमी झालेलं. आमची ठरलेली वेळ झाली की ते घराचा मेन स्विचच बंद करायचे आणि रेडिओ बॅटरीवर चालवायचे. काकूंची मालिका, मिक्सर, पंखा, सगळं बंद. "अर्धा तास माझा," असं काकूंना सांगून ठेवलेलं. त्या अर्ध्या तासात अँटेना, पाऊस, गुडघे आणि कुंदा, कशावरही गप्पा चालायच्या.

मागच्या खेपेला काका स्वच्छ ऐकू आले. आमचा कॉलसाइन तीनदा पुकारला. आम्ही तिन्ही वेळा उत्तर दिलं. थोडं थांबून ते पुन्हा तेच पुकारत राहिले, आवाज जरा चढवून, समोरचा बहिरा असावा तसे. शेवटी "बरंय, पुढच्या वेळी" म्हणाले आणि गेले.

पौडला फोनची रेंज आल्यावर त्यांना फोन लावला.

"मेन बंदच होता रे," काका म्हणाले. "पण शेजारी नवीन बिल्डिंग झालीये. त्यांचा कसा बंद करू?"

काल त्यांचाच फोन आला. भाच्याची गाडी घेऊन काकतीच्या शेतात जायचं म्हणतायत. तार किती उंच बांधायची, आणि आकडी नसेल तर दगड बांधून फेकली तर चालेल का, विचारत होते.