उसन्या गिटारीवरची गाणी

लोकसाहित्याच्या पहिल्या तासाला आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर एकच व्याख्या लिहीत आलो आहोत: कर्ता अज्ञात, परंपरा मौखिक, मालकी समूहाची. बर्ट जान्श या स्कॉटिश गायक-गिटारवादकाचा त्याच्याच नावाचा पहिला अल्बम (१९६५) ऐकू लागलो की ही व्याख्या आडवी येते. ब्रिटिश लोकसंगीताच्या इतिहासात या अल्बमला मानाचे पान आहे, आणि त्यात पारंपरिक असे एकही गीत नाही! पंधरा रचनांपैकी 'अँजी' ही शेवटची रचना डेव्ही ग्रॅहमची. बाकी साऱ्या जान्शच्या नावावर.

ग्लासगोत जन्मलेला आणि एडिनबरात वाढलेला जान्श तेव्हा जेमतेम २१ वर्षांचा होता. त्याच्याकडे स्वतःची गिटारही नव्हती. बिल लीडर यांच्या लंडनमधल्या कॅम्डन भागातील घरी, मागून आणलेल्या गिटारींवर, घरगुती टेपरेकॉर्डरवर ही गाणी मुद्रित झाली. ट्रान्सअटलांटिक कंपनीने ती १०० पौंडांना घेतली.

आवाज कमावलेला नाही. शब्दांची टोके तो गिळतो, क्वचित सुराच्या अलीकडेच थांबतो. पण गिटार! आपल्या कानांना साथीचे वाद्य गायकाच्या मागून चालण्याची सवय असते. येथे अंगठा खर्जाच्या तारा सांभाळतो, बोटे वरच्या तारांवर आपले वेगळे काही सांगत राहतात, आणि गळा या दोहोंतून वाट काढतो. साथ कोण कोणाची करते आहे, हा प्रश्न पुष्कळदा अनुत्तरितच राहतो. सगळ्याच रचना या तोलाच्या नाहीत. भटकंतीची गाणी एकमेकांसारखी वाटतात, हेही खरे.

'नीडल ऑफ डेथ' मात्र आम्हांला सोडत नाही. हेरॉइनने गेलेल्या एका मित्रावरचे हे गाणे. त्यात उपदेश नाही, आक्रोश नाही. त्यातील प्रतिमाही नव्या नाहीत. आणि इथेच आमची अडचण सुरू होते.

काही वर्षांपूर्वी दारूपायी गेलेल्या थोरल्या भावावरची कविता एका विद्यार्थ्याने आम्हांला दाखवली होती. समासात आम्ही लाल शाईने लिहिले, 'भावविवश. प्रतिमा शिळ्या.' तो म्हणाला, "सर, ती चालीवर आहे." आम्ही मान हलवली आणि वही परत केली. पुढे त्याने कविता दाखवली नाही. जान्शचे शब्द वहीत लिहून कोणी आणले असते, तर त्यांच्या समासातही आम्ही हेच लिहिले असते. ते गाणे तोलून धरते ती खालून अखंड, न थबकता चालणारी गिटार. दुःख जेथे सैल पडू शकले असते, तेथे ती त्याला पुढे नेते. फळ्यावर 'मौखिक' हा शब्द लिहिणाऱ्या आम्ही ती चाल म्हणून दाखव, एवढेही त्या मुलाला सांगितले नव्हते.

जान्श २०११ साली गेला. २०१४ मध्ये नील यंगच्या आवाजात हेच गाणे प्रसिद्ध झाले, एका जुन्या, टेलिफोन बूथएवढ्या ध्वनिमुद्रण-पेटीत मुद्रित केलेले. त्या मुद्रणात खरखर पुष्कळ आहे. व्याख्येच्या तासाला यंदा दोन्ही मुद्रणे ऐकवायची आहेत, व्याख्या लिहिण्याआधी; खडू नंतर हातात घेऊ.