‘किती मिळाले गं?’

ऑफिसच्या कँटीनमध्ये वडा-सांबार खाताना मला हा प्रश्न विचारला गेला. विचारणारा आमच्याच टीममधला. स्वभावाने सज्जन, माझ्या वाढदिवसाला आठवणीने केक आणणारा. मी ख्रिस्ती झालेय, हे त्याला नुकतंच कुठून तरी कळलं होतं. ‘खरं सांग ना, किती मिळाले?’

‘मिळायचं सोड, दर महिन्याला जातात!’ मी म्हटलं. सगळे हसले, मीही हसले. मग दुसऱ्याने विचारलं, ‘म्हणजे आता नॉनव्हेज सुरू?’ अरे बाबा, कोल्हापुरात जन्मलेय मी! तांबडा-पांढरा ओरपायला मला बाप्तिस्मा कशाला लागतोय?

अशी दोन-चार उत्तरं मी तोंडपाठ करून ठेवली आहेत. नाव बदललंस का? नाही. टिकली चालते का? चालते. कुणा मुलाच्या मागे लागून केलंस का? नाही हो, स्थळं आईच बघत होती. पण ‘का केलंस?’ या प्रश्नाचं खरं उत्तर लांबलचक आहे आणि ते कँटीनमध्ये देता येत नाही. शिवाय त्या उत्तरात मी फारशी चांगली दिसत नाही. म्हणून इथे लिहितेय.

तर झालं असं. २०२२ मध्ये मी पुण्यातल्या एका आयटी कंपनीत नवीनच टीम लीड झाले होते. क्लायंटच्या रिलीजमध्ये मोठा घोळ झाला. चूक माझी होती. टेस्टिंग पूर्ण न होताच मी ‘ओके’ दिलं होतं. पण त्या मॉड्यूलवर काम करणारा मुलगा ज्युनिअर होता, लाजाळू होता, इंग्लिशमध्ये पटकन भांडू शकत नव्हता. मीटिंगमध्ये सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या आणि मी गप्प बसले. एवढंच. खोटं असं मी काही बोललेच नाही! अप्रेझलला त्याला सगळ्यात खालचं रेटिंग मी दिलं. मग त्याला ‘परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन’ नावाच्या गोंडस प्रकरणात टाकलं गेलं आणि ऑक्टोबरात तो घरी गेला. जाताना माझ्या डेस्कपाशी येऊन म्हणाला, ‘मॅडम, तुमच्याकडून खूप शिकायला मिळालं.’ टोमणा नव्हता तो. ते जास्त वाईट होतं.

त्यानंतर माझी झोप उडाली. तुम्ही म्हणाल, त्यात काय, कॉर्पोरेटमध्ये रोज होतं. मीसुद्धा स्वतःला हेच सांगत होते. जिम लावली. वीकएंडला सिंहगड केला. दिवाळीला घरी गेले तेव्हा आईबरोबर जाऊन अंबाबाईची ओटी भरली. देवीसमोर उभी राहिले, पण मान वर करून बघितलंच नाही. दोष देवीचा नव्हता. बघायची माझीच हिंमत नव्हती.

वाकडच्या फ्लॅटमध्ये माझी रूममेटही कोल्हापूरची. आम्ही दोघी ‘मी येतो’, ‘मी जातो’ असंच बोलतो आणि त्यावरून पुणेकरांच्या शिव्या खातो. ती जन्माने ख्रिस्ती. तिच्या कपाटात लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ होतं. शाळेत धडा होता म्हणून नाव ऐकलेलं. झोप येत नाही म्हणून मी ते वाचायला घेतलं आणि झोप आणखीनच उडाली. काय बाई आहे! सोवळ्याच्या घरातले हाल सांगतानाही हसवते.

त्यात रेल्वेच्या डब्यातली ती प्रसिद्ध गोष्ट आहे. १८९३ मध्ये नारायण वामन टिळकांना प्रवासात एक युरोपियन गृहस्थ भेटले. त्यांनी बायबल दिलं आणि दोन वर्षांत तू ख्रिस्ती होशील, असं भाकीत केलं. टिळकांना ते अशक्य वाटलं. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मी म्हटलं, वा, काय सिनेमॅटिक! पुढची पानं मी भराभर उलटली. तेव्हा त्यातलं मला काही कळलं नव्हतं, हे नंतर कळलं.

रूममेटला विचारलं, ‘बायबल आहे का गं, मराठीतलं?’ तिने सुरुवातीपासून नको, लूकपासून वाच म्हणून सांगितलं. उपदेश वगैरे काही केला नाही, मॅगी करायला निघून गेली. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात मी अडकले. जक्कय नावाचा एक जकातदार. लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला आणि उंचीने बुटका. येशू गावातून चाललाय, गर्दीत दिसत नाही, म्हणून हा झाडावर चढून बसतो. मराठीत ते झाड उंबराचं आहे. उंबर! लहानपणापासून नरसोबाच्या वाडीला जाणारी मी, मला उंबराखाली कोण बसतं ते माहीत होतं. उंबरावर एक भामटा चढलाय, हे चित्र काही डोळ्यांसमोरून जाईना.

आणि येशू खाली उभा राहून त्याला काय म्हणतो? हिशेब दाखव, म्हणत नाही. माफी माग, म्हणत नाही. लवकर खाली ये, आज मुक्काम तुझ्याच घरी, असं म्हणतो. पाहुणचार आधी. त्यानंतर हा गडी आपणहून उभा राहतो आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत देईन, असं सांगतो. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मला आजवर वाटत होतं, की आधी मी नीट व्हायचं आणि मग देवासमोर जायचं. इथे क्रम उलटा होता.

त्या वर्षी नाताळ रविवारी आला होता. आम्ही दोघी शुक्रवारी रात्रीच्या बसने कोल्हापूरला आलो. शनिवारी तिच्या घरी गेले, तर तिची आई करंज्या तळत होती. शंकरपाळ्या झाल्या होत्या, चकलीचं पीठ मळलेलं. दारात कागदी चांदणी सोडली तर सगळं दिवाळीचंच. मी केकच्या अपेक्षेने गेले होते हो!

रविवारी सकाळी आम्ही वायल्डर मेमोरियल चर्चला गेलो. आयुष्यभर बाहेरून बघितलेली इमारत. ज्यांच्या नावाचं ते चर्च आहे, ते अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वायल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथेच जन्मला आणि पुढे अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांची मोठी मिशनरी चळवळ उभी करणाऱ्यांत प्रमुख ठरला. आपला कोल्हापूरकर तिकडे जाऊन नाद खुळा करून आला, म्हणा ना! मला हे काही माहीत नव्हतं. ख्रिस्ती म्हणजे वांद्रे, गोवा आणि फ्रॉक, एवढंच माझं जनरल नॉलेज. शाहू महाराजांनी वेगवेगळ्या जातीधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली, त्यांत ख्रिस्ती मुलांसाठीचंही होतं, हेही नंतर वाचलं.

आत जरीच्या साड्या, गजरे, शर्टात कोंबलेली पोरं. पेटी, तबला. गाणी मराठी, चाली ओळखीच्या, आमच्या आजीच्या भजनी मंडळात खपून जातील अशा. मग कुणीतरी लूकचा दुसरा अध्याय वाचायला घेतला. बाळ जन्मलं, उतारशाळेत जागा नाही, म्हणून गव्हाणीत ठेवलं.

इंग्लिश ख्रिसमस कार्डांवर ती गवताची छान सोनेरी गादी असते. पण मराठीत शब्द आला ‘गव्हाण’ आणि मला एकदम वास आला. पन्हाळ्याकडे माझ्या मामाचा गोठा आहे. गव्हाण म्हणजे काय, ते मी हात घालून बघितलंय. म्हशीने अर्धवट चघळलेला ओला कडबा, कडेला चिकटलेली लाळ, माश्या, खाली शेण. लहानपणी मामी मला तिथे बसूसुद्धा द्यायची नाही. देव तिथे ठेवला? आणि नाइलाज म्हणून नाही, तर आपण होऊन तिथे आला? जिथे मी माझं लेकरू ठेवणार नाही, तिथे? मग माझ्यात जे काही साचलं होतं, तेही त्याला चालणार होतं.

वीज वगैरे काही चमकली नाही. पेटीवाल्याचा सूर मध्येच चुकला, समोरच्या बाळाने शी केली. मी मनातल्या मनात फक्त ‘हो’ म्हटलं. पूर्ण ‘हो’. मागे एक दार उघडं ठेवून नाही.

संध्याकाळी रंकाळ्यावर बसून मी त्या ज्युनिअरला फोन लावला. सगळं सांगितलं. चूक माझी होती, मला माहीत होतं, तरी मी गप्प बसले. बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही. मग तो म्हणाला, ‘मॅडम, आता हे सांगून काय उपयोग?’ आणि फोन ठेवला. तो पुन्हा कधी बोलला नाही. जानेवारीत मी मॅनेजरला आणि एचआरला मेल लिहून खरं काय ते कळवलं. ‘नोंद घेतली आहे’ असं दोन ओळींचं उत्तर आलं. माझं लीडपद गेलं, त्या वर्षीची इन्क्रिमेंट गेली. रात्री झोप लागायला लागली.

हे सोपं होतं, असं आता वाटतं. घरी सांगणं बाकी होतं.

पुण्यातल्या पाळकांना मी उत्साहाने म्हटलं, ‘मला बाप्तिस्मा घ्यायचाय, कधी घेऊ?’ मला वाटलं, खूश होतील. ते म्हणाले, ‘घाई काय आहे? वर्षभर ये, वाच, बघ. घरी सांगितलंस का?’ मी गप्प. ‘मग आधी ते कर.’

फेब्रुवारीत जाऊन सांगितलं. बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि विचारलं, ‘लग्नाचं काय?’ आई काहीच बोलली नाही. आत जाऊन तिने देव्हाऱ्यातला दिवा लावला, वेळ नसताना. रात्री भांडी घासता घासता म्हणाली, ‘आमचं काय कमी पडलं गं?’ मी म्हटलं, ‘काही कमी पडलं नाही आई.’ तिचा विश्वास बसला नाही. अजूनही बसलेला नाही.

त्या रात्री मी ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा उघडलं आणि पहिल्या वेळी जी पानं भराभर उलटली होती, ती वाचली. टिळकांच्या बाप्तिस्म्याची बातमी घरी पोचते तेव्हाची. त्यानंतर काही वर्षं लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नवऱ्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या परत गेल्या, तेव्हाही आपलं सोवळं सांभाळून, वेगळी चूल मांडून. एकेक गाठ स्वतः विचार करून सोडवली आणि १९०० मध्ये स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. सिनेमॅटिक वाटणाऱ्या त्या रेल्वेच्या गोष्टीचं बिल दुसऱ्याच माणसाने भरलं होतं. माझ्या ‘हो’चं बिल आईच्या नावावर फाटलं होतं, आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं. माझा निर्णय यामुळे बदलला नाही. पण त्यानंतर मी आईला काही पटवून द्यायला गेले नाही.

आश्चर्याचा धक्का दिला तो आजीने. ती माळकरी, पायी वारी केलेली. तिने स्पष्ट विचारलं, ‘इठ्ठल सोडलास व्हय?’ मी तिला सांगितलं, की टिळकही तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्तापर्यंत पोचलो असं म्हणायचे, त्यांनी अभंगच लिहिले. सोळाशे सोळा साली फादर स्टीफन्सने गोव्यात ख्रिस्तपुराण छापलं, तेही मराठी ओव्यांत. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘बरं. गाथा परत इंद्रायणीत टाकू नगस म्हंजे झालं.’

डिसेंबर २०२३ मध्ये पुण्यात माझा बाप्तिस्मा झाला. तारीख घरी कळवली होती, कुणी आलं नाही. रूममेट होती, तिची आई डबाभर करंज्या घेऊन आली होती. दुपारी बाबांचा व्हॉट्सअॅप आला, ‘जेवलीस का?’ बास, एवढाच. मी तो मेसेज जपून ठेवलाय.

आता रोजचं कसं चालतं? काही जमतं, काही नाही. गणपतीत मी घरी जाते, मोदक वळते, आरतीला मागे हात जोडल्याशिवाय उभी राहते. चर्चमधल्या काहींना माझं तिथे उभं राहणं पटत नाही, घरच्यांना माझे न जोडलेले हात पटत नाहीत. आई स्थळांचा विषय काढत नाही, आणि ते मला वाटलं होतं तितकं सुखाचं नाही. प्रार्थना करताना कधी कधी काहीच होत नाही, नुसता फॅनचा आवाज येतो. तरी मी बसते.

गेल्या नाताळाला मी पुन्हा कोल्हापुरात होते. चोवीस तारखेला रात्री आई ओट्याशी लसूण सोलत बसली होती. मी म्हटलं, ‘सकाळी लवकर जातो गं, आठला.’ तिने मान वर केली नाही. दोन-तीन पाकळ्या सोलून झाल्यावर म्हणाली,

‘तिथं चपला बाहेर काढतात काय?’

‘काढल्या तरी चालतात.’

‘आणि बायका वेगळ्या बसतात?’

‘कुठंही बसतात.’

‘हं,’ ती म्हणाली आणि सोललेला लसूण वाटीत ठेवून वर ताटली झाकली.