उभ्याने नेम



आपल्या जनवाड्याच्या आठवणींत शेती, शाळा, जत्रा यांवर बरंच लिहून झालंय. आज जरा वेगळा विषय घेतो, रायफलीचा.

माझी नात पुण्यात असते, बारावीला आहे, दहा मीटर एअर रायफल खेळते. दिवाळीच्या सुट्टीत रायफलीची पेटी घेऊनच गावी आली. घरात चर्चा एकच. वर्ष महत्त्वाचं, खर्च भरपूर आणि गुण तर वर्षभर तिथंच अडकलेले. खेळ चालू ठेवायचा की सोडायचा, हे या सुट्टीत ठरणार होतं.

एअर रायफल हा सगळा उभ्याने खेळायचा प्रकार. सव्वा तासात ६० गोळ्या, रायफलीचं वजन साडेपाच किलोपर्यंत आणि दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटर. कॉलेजात एनसीसीला आम्हीही .२२ रायफल चालवली, पण पोटावर पडून. तिथं जमीनच माणसाला धरून ठेवते. उभं राहिलं की जमीन उरते ती फक्त तळपायाखाली.

शेजारी बघायला यायचे. सगळ्यांचा सल्ला एकच, "लेकराच्या हातात ताकद नाही, दूध-तूप द्या." नात हसायची. म्हणाली, "आजोबा, ताकदीनं धरलं की स्नायू थकतात आणि थरथरतात. रायफल हाडांवर ठेवायची असते."

मग ओसरीवर करून दाखवलं. गोळी न घालता, नुसता समोरच्या भिंतीवर ठिपका. निशाणाकडे कूस करून उभं राहायचं, पाय खांद्याइतके फाकलेले, वजन दोन्हींवर सारखं. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं, म्हणजे रायफलीचा भार हातातून हाडात, हाडातून पायात आणि पायातून जमिनीत. रायफल पुढं ओढते म्हणून पाठ किंचित मागं. मग डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे आणि उघडून बघायचं. नेम ठिपक्याच्या बाजूला गेला असेल, तर हातानं ओढून आणायचा नाही, पाऊल सरकवायचं. हातानं ओढलेला नेम घोडा दाबताना परत जागेवर जातो.

एवढं करूनही रायफल डुलतेच. डुलणं कुणाचंच थांबत नाही, कमी होतं फक्त. श्वास अर्धा सोडून थांबायचं, सहा-आठ सेकंदांत नेम बसला तर घोडा दाबायचा. नाही बसला तर रायफल खाली घ्यायची आणि पहिल्यापासून सुरू.

आपल्या राधानगरीकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, तेव्हा मध्य रेल्वेत टीसी असलेला, १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचं कांस्य घेऊन आला. पात्रता फेरीत त्याचे गुण बघा : गुडघ्यावर १९८, पोटावर १९७, उभ्याने १९५. सगळ्यात कमी उभ्यानेच. अंतिम फेरीत पहिल्या दोन प्रकारांनंतर तो पाचवा होता, आणि वर चढून तिसरा आला तोही उभ्यानेच. त्यातही शेवटाला ९.४ ची एक गोळी गेलीच. पुढच्या दोन ९.९ आणि १०.० च्या. एकूण ४५१.४.

मी आयुष्यभर बँकेत व्हाउचर तपासले. सही जुळतेय की नाही अशी शंका आली, की काउंटरवर कितीही गर्दी असो, चेक बाजूला ठेवायचा. लोक ओरडतात, पण ती सही परत पुसता येत नाही. नातीचंही तेच. तिच्या वहीत मी पहिल्या दिवशी बघितलं, एकदाही रायफल खाली घेतल्याची नोंद नव्हती. प्रत्येक वेळी उचलली की मारलीच. सुट्टी संपताना, वीस वेळा उचलली तर पाच-सहा वेळा न मारता खाली घेत होती.

रात्री जेवणं झाल्यावर मुलाला तेवढंच दाखवलं. म्हटलं, "गुणांचं मला कळत नाही. पण अठराव्या वर्षाच्या आत लेकरू 'आत्ता नको' म्हणायला शिकलंय, हे बारावीलाही कामाला येईल." मुलगा बराच वेळ वही चाळत राहिला. शेवटी ठरलं, परीक्षेपर्यंत रेंज आठवड्यातून दोनदा, बाकी घरीच रोज अर्धा तास, बिनगोळीचं. खर्च तेवढाच कमी.

गुण वाढतील की नाही, ते पुढं कळेल. आपल्यापैकी कुणाच्या घरात या खेळातलं लेकरू असेल तर जरूर लिहा. आणि त्याला दूध-तूप द्या, पण पाऊल कुठं आहे तेही बघा.